लॉटमध्ये एकच नग

बारशाच्या दिवशी आत्याने कानात 'गंगाधर' म्हटलं तेव्हा बाळाने नकारार्थी मान हलवली होती, असं गायधनींच्या आई सांगायच्या. खरं-खोटं देव जाणे. पण पुढची साठ वर्षं या माणसाने नकारार्थी मान हलवण्यापलीकडे दुसरं काही केलं असेल तर शपथ! सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर. गाड्यांचे सुटे भाग ट्रेमधून टेबलावर यायचे, गायधनी चष्मा कपाळावर चढवायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "रिजेक्ट." कामगार त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणायचे आणि पाठीमागे जे म्हणायचे ते सांगण्यासारखं नाही.

रिटायर झाले, टेबल गेलं, ट्रे गेले. खोड जाते थोडीच? इंदिरानगरच्या भाजीबाजारात वांगं हातात घेऊन ते उन्हात फिरवून बघायचे, तेव्हा भाजीवाल्या बाया एकमेकींना खुणा करायच्या. घरी पोळी ताटात पडली की म्हणायचे, "कुसुम, डाव्या बाजूला गोलाई कमी आहे." कुसुमताई म्हणायच्या, "मग उजव्या बाजूने खा." असा संसार पस्तीस वर्षं उत्तम चालला होता.

एकदा मात्र त्यांनी नको ती गोष्ट रिजेक्ट केली. त्यांची एकुलती एक मुलगी साक्षी. पुण्यात चांगली नोकरी, एसी ऑफिस, येण्या-जाण्याला कंपनीची गाडी. ती एक दिवस घरी येऊन म्हणाली, "बाबा, माझं आर्मीत सिलेक्शन झालं. नोकरी सोडली." गायधनींनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हा निर्णय रिजेक्ट." ती गेली. चेन्नईत ट्रेनिंग पुरं केलं, लेफ्टनंट झाली, परेडसाठी आई-बापाच्या नावाचे दोन पास पाठवले. कुसुमताई भावाला घेऊन गेल्या. गायधनी घरात बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी घरातले सगळे नळ तपासले आणि तीन गळके काढले.

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं म्हणजे 'जेवलात का', 'जेवलो', 'गॅस आला का', 'आला'. दीड वर्ष तिने बापाकडे काही मागितलं नाही. रागाने मागितलं नाही म्हणावं तर तसंही नाही. रागावलेलं माणूस निदान भांडतं तरी. ही नुसती नीट वागत होती, आणि ते गायधनींना फार लागत होतं.

तर अशा घरात, मे महिन्यातल्या एका रविवारी, पोहे खाता खाता साक्षी म्हणाली, "बाबा, एक काम होतं."

कुसुमताईंच्या हातातला झारा कढईवरच थांबला.

देवळालीचा तोफखान्याचा कोर्स संपवून साक्षी आठ दिवसांसाठी घरी आली होती. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने निघायचं होतं. तिची रेजिमेंट राजस्थानात, वाळवंटात, तोफा घेऊन चार महिने उघड्यावर राहणार होती. "मला एक चाकू हवाय," ती म्हणाली. "स्वतःचा, कामाचा. रेजिमेंटच्या सी.ओ. साहेबांना विचारलंय, चार-पाच इंचांचा चालतो. तुम्ही बघून द्याल?"

आता दुसरा बाप असता तर म्हणाला असता, 'देतो की.' गायधनी म्हणाले, "स्पेसिफिकेशन काय?"

"ते तुम्ही ठरवा," साक्षी म्हणाली आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागली.

गायधनी उठून आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि पलंगावर बसून त्यांनी दोनदा नाक पुसलं. पोरीने मागितलं होतं! आता या कामात चूक झाली तर पुन्हा ती मागणार नाही, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. मग त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, पाठीमागे रेघा आखल्या आणि वर लिहिलं, 'चाकू, वाळवंटी कामासाठी. एकूण चाचण्या चौदा.'

सोमवारी ते देवळाली कँपात गेले. तिथे फौजी सामानाच्या दुकानात दुकानदाराने मोठ्या थाटात एक हत्यार काढलं. काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र, मूठ उघडली की आत काड्यापेटी, गळ आणि सुई-दोरा.

"कमांडो माल आहे, काका. आपल्याकडे एकच पीस उरलाय."

गायधनींनी होकायंत्र तळहातावर धरलं. चष्मा वर गेला. "उत्तर कुठेय?"

"ही काय, सुई दाखवतेय ना."

"सुई त्र्यंबककडे दाखवतेय. देवळालीत उभं राहून उत्तरेला त्र्यंबक? अहो, याच्या भरवशावर माझी मुलगी दूध आणायला निघाली तर पाकिस्तानात पोचेल!"

"काका, होकायंत्र कोण बघतं? लोक दात बघतात."

"दातांनी काय कापायचं?"

दुकानदाराने थोडा विचार केला. "झाड," तो म्हणाला.

"वाळवंटात?"

तिथून ते घडीचे तीन चाकू घेऊन आले, मंगळवारी भांडी बाजारातून आणखी दोन आणले, आणि घरात चाचण्या सुरू झाल्या. देवा रे देवा! त्या तीन दिवसांत कुसुमताईंनी जे सोसलं ते कुठल्या सासुरवाशिणीनेही सोसलं नसेल. घडीच्या चाकूच्या सांध्यात वाळू गेली तर काय होतं हे बघायचं, म्हणजे वाळूचं वादळ हवं. ते आणायचं कुठून? गायधनींनी शेजारच्या बांधकामावरून वाटीभर वाळू आणली, मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात घातली आणि झाकणाच्या भोकातून चाकू धरून बटण फिरवलं. वादळ उत्तम झालं. तिन्ही चाकू उघडताना करकरायला लागले, एक तर उघडेचना. रिजेक्ट, रिजेक्ट, रिजेक्ट.

"माझ्या चटणीच्या भांड्यात वाळू?" कुसुमताईंचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? उद्या तोफ तपासायला सांगितली तर बेडरूममध्ये उडवाल!"

भांडं पाच वेळा घासूनही दोन दिवस चटणी दाताखाली कचकचत होती. साक्षी मात्र निमूट खात होती. "असू दे गं आई," ती म्हणाली, "तिकडे रोज हेच आहे. आत्तापासून सवय झालेली बरी."

बाजारातला चौथा चाकू आरशासारखा चकचकीत. गच्चीत नेऊन फिरवला तर समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा गॅलरीत डोळ्यांवर हात घेऊन ओरडायला लागले. वाळवंटात एवढी चमक दिसली तर दोन कोसांवरून माणूस सापडेल. रिजेक्ट. पाचव्याची मूठ धातूची. ती दुपारी बारा ते दोन उन्हात ठेवली आणि चाचणीचा भाग म्हणून गायधनींनी स्वतःच गच्च पकडली. पुढची पाच मिनिटं ते बादलीत हात घालून बसले. तळहाताला टरारून फोड आला, पण कॅलेंडरवर 'रिजेक्ट' हा शब्द त्यांनी डाव्या हाताने का होईना लिहिलाच.

बुधवारी संध्याकाळी ते पाचही चाकू घेऊन जिन्यात हताश बसले होते. तळमजल्यावरचे सुभेदार भिकन अहिरे भाजीची पिशवी घेऊन आले. अहिरे सटाण्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले, तीन वर्षं जैसलमेरकडे काढलेली. एरवी शहरी बोलायचे, पण हसू आलं किंवा राग आला की तोंडात थेट अहिराणी यायची.

"गायधनी साहेब, हाई काय दुकान मांडं शे?"

गायधनींनी सगळी कर्मकथा सांगितली. भिकनराव एकेक चाकू उचलून बघत होते आणि मिशीत हसत होते.

"सुभेदार, तुम्ही तीन वर्षं होतात तिथे. खरं सांगा, चाकूने काय काय कापलंत?"

भिकनरावांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "कांदा. दोरी. रेशनची पाकिटं. तोफेवरच्या जाळीच्या गाठी. बुटात घुसलेला काटा. आणि एकदा कलिंगड, तेही कर्नल साहेबांच्या वाढदिवसाला केक पोचला नाही म्हणून."

"आणि शत्रू?"

"शत्रू काय चाकूनी वाट देखस का हो?" भिकनराव खो खो हसले. मग पिशवी खाली ठेवून बाजूला बसले. "साहेब, चाकू म्हणजे तिथे हाताचं सहावं बोट. दिवसातून पन्नास वेळा लागतं. सांधा नको, वाळू जाते. चमक नको. मूठ लाकडाची. असला बाजारात नाही मिळत. लोहाराकडे जा. दिंडोरी रोडला फकिरा बसतो, आमच्या गावचे सगळे विळे त्याच्याचकडचे."

गुरुवारी सकाळी गायधनी फकिरासमोर उभे. फकिरा साठीचा, हडकुळा, अंगावर बनियन आणि बनियनला ठिणग्यांनी पडलेली भोकं. कॅलेंडरचं पान त्याने हातातसुद्धा घेतलं नाही.

"काय कापायचंय?" त्याने विचारलं.

"दोरी. पाकिटं. जाळी." गायधनी जरा घुटमळले. "कांदा."

"कुनाच्या हातात ऱ्हानार?"

"माझी मुलगी. ती फौजेत आहे."

"मंग तिला आना. हात बघितल्याबिगर मूठ कशी करू? जोडा घेता का पाय न बघता?"

हा मुद्दा चौदा चाचण्यांत कुठेच नव्हता, आणि गायधनींना तो एकदम पटला. आपल्यालाही कुणी प्रश्न विचारणारा भेटला म्हणून त्यांना बरंसुद्धा वाटलं. तासाभरात ते साक्षीला घेऊन परत आले. म्हणजे साक्षीच त्यांना घेऊन आली. स्कूटर ती चालवत होती आणि हे मागे. द्वारका चौकात त्यांनी "इंडिकेटर उशिरा दिलास" म्हणून एकदा सांगितलं, आणि नंतर लेकीच्या खांद्यावर हात ठेवायचा की सीटची कडी धरायची या विचारात पंचवटी आली.

फकिराने साक्षीला हात फळीवर ठेवायला सांगितला आणि सुतळीने मापं घ्यायला लागला. गायधनी बाजूला उभे राहून बघत होते. या हाताला त्यांनी मेंदी लावलेली पाहिली होती, पेन धरायला शिकवलं होतं. आता तळव्यावर घट्टे होते, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा बरा झालेला डाग होता आणि बोटं फळीवर निवांत टेकलेली होती, जरासुद्धा हलत नव्हती. गायधनींचा चष्मा कपाळाकडे निघाला होता तो अर्ध्यावर थांबला.

"हात कामाचा हाय पोरीचा," फकिरा म्हणाला. "लय कामाचा."

"हे कशानं?" गायधनींनी डागाकडे बोट दाखवलं.

"फायरिंगनंतर तोफेला हात लागला. चूक माझीच होती," साक्षी म्हणाली. "आणि तुमच्या हाताला काय झालं?"

गायधनींनी फोड आलेला तळवा पाठीमागे लपवला. "चाचणी," ते म्हणाले.

शनिवारी सकाळीच चाकू तयार झाला. फकिराने ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद घेतलं होतं. साडेचार इंचांचं पातं, काळपट, अंगावर घणाचे बारीक ठसे, फक्त धारेची रेघ तेवढी पांढरी. मूठ बाभळीची, बोटं बसतील अशी किंचित खोलगट. भिकनरावांनी बोटावर तोलून बघितला आणि म्हणाले, "आहाहा." कुसुमताईंनी त्याने कांदा चिरला आणि म्हणाल्या, "हा मला ठेवून घ्या हो, तिला दुसरा द्या." कुसुमताईंकडून एवढी पावती म्हणजे काय सांगावं.

साक्षी कँपात शेवटची कामं उरकायला गेली होती, संध्याकाळी येणार होती. तेवढ्यात चाचण्या! वाळू, पास. ऊन, पास. चमक, पास. मिठाच्या पाण्यात दोन तास, पुसून घेतल्यावर पास. दोरी, गोणपाट, पत्र्याचा डबा, पास, पास, पास. घामट हातातून निसटतो का बघायला गायधनींनी हाताला गोडं तेल चोळलं, निसटला नाही. तेरा चाचण्या झाल्या आणि तेरा वेळा गायधनींनी 'पास' लिहिलं. सारख्या 'पास'ने त्यांना गरगरल्यासारखं झालं. एवढी सवयच नव्हती हो!

राहिली चौदावी. भिकनरावांच्या गॅलरीत एक व्हाइस, म्हणजे वस्तू आवळून धरायचा लोखंडी शिकंजा, ठोकलेला होता. त्यात गायधनींनी पात्याचं टोक आवळलं, मुठीवर लोखंडी नळी चढवली आणि नळीच्या टोकाला भंगारवाल्याकडून आणलेला ताणकाटा अडकवला.

"आता काय?" भिकनरावांनी विचारलं.

"वाकवून बघायचं." गायधनींनी ओढलं. काटा पंधरा किलोवर गेला, पातं वाकलं, सोडल्यावर सरळ झालं. वीसला वाकलं, सरळ झालं. तीसला वाकलं आणि पुन्हा सरळ! गायधनींच्या कपाळावर घाम आणि डोळ्यांत पाणी. "सुभेदार, पोलाद बघा! एकतीस वर्षांत असं पोलाद टेबलावर आलं नाही माझ्या!"

"मग बस ना. पास शे!"

"अहो, फेल कधी होतो हे कळल्याशिवाय पास कसं म्हणायचं?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यात हजार नगांचा एक लॉट येतो. त्यातला एक उचलायचा आणि तो मोडेपर्यंत ताणायचा. ज्या आकड्याला तो मोडला तो लिहायचा, आकडा बरा असेल तर उरलेले नऊशे नव्याण्णव पास. एकतीस वर्षं गायधनींनी रोज सकाळी चहाच्या आधी एक नग मोडला होता. हाताला तेच माहीत होतं. मनाचं सोडा, माणसाचं मन त्या वेळी जागेवर नसतंच. डोळे काट्यावर होते आणि हात आपलं काम करत होते.

पस्तीस. अडतीस. चाळीस. भिकनराव म्हणाले, "साहेब, ओ साहेब..."

टण्ण!

नळी गायधनींच्या हातात, मूठ नळीत, आणि अर्धं पातं व्हाइसमध्ये.

"बेचाळीस!" गायधनींनी दोन्ही हात वर केले. "सुभेदार, बेचाळीस किलो! पास! चौदाच्या चौदा पास! अहो, माझ्या पोरीचा चाकू बेचाळीस किलोपर्यंत..."

भिकनराव त्यांच्याकडे टक लावून बघत होते. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "साहेब, दुसरा कोठे शे?"

गायधनींचे वर गेलेले हात तसेच राहिले. दुसरा कुठला? लॉटमध्ये एकच नग होता.

त्यानंतर त्यांनी जी स्कूटर पळवली ती त्या स्कूटरलाही नवीन होती. दिंडोरी रोडला फकिराचा भाता बंद, दुकानावर गोणपाट. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, फकिरा भाचीच्या लग्नाला इगतपुरीला गेला, चार दिवसांनी येईल. साक्षीची गाडी उद्या सकाळी. भांडी बाजारात जाऊन कुठलाही एक घ्यावा, असं क्षणभर मनात आलं. पण त्यातला एकही पास होणार नव्हता, आणि न पास झालेला चाकू लेकीच्या हातात द्यायला हात धजेना. गायधनी पंचवटीतल्या सिग्नलला हिरवा झाल्यावरही उभे राहिले आणि मागच्या रिक्षावाल्याने त्यांच्या साठ वर्षांचा मान न राखता चार शब्द सुनावले. त्यांनी मान हलवली, या वेळी होकारार्थी.

साक्षी ट्रंक भरत होती. गायधनी दारात उभे राहिले, आत आले, आणि दोन तुकडे पलंगावर ठेवले.

"मी मोडला," ते म्हणाले. "चौदावी चाचणी."

साक्षी तुकड्यांकडे बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. गायधनींना वाटलं पोर रडतेय. पण ती हसत होती. पलंगाची कड धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"कितीला मोडला?" तिने विचारलं.

"बेचाळीस."

"वा!" ती म्हणाली, आणि हे मात्र अगदी मनापासून. बापाचीच पोर ती.

"हसू नकोस. तू दीड वर्षांनी एक गोष्ट मागितलीस आणि मी तीसुद्धा..."

साक्षी डोळे पुसून पलंगावर बसली. "बाबा, चाकू काय, कँपातून कुठलाही घेतला असता."

"मग मला कशाला सांगितलंस?"

ती तुकडे एकमेकांना जुळवून बघत होती. "तुम्ही पास केलेलं एक तरी काही बरोबर न्यायचं होतं," ती म्हणाली.

गायधनी मटकन खाली बसले, ट्रंकेवरच. तिच्या नव्या इस्त्रीच्या शर्टांवर बसलो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

"मला भीती वाटते गं," ते म्हणाले. "तेव्हाही भीतीच वाटत होती. जन्मभर मी एकच काम केलं, वस्तू कुठे मोडेल ते शोधायचं. तुझं सिलेक्शन झालं म्हणालीस तेव्हाही मला दुसरं काही दिसेना. परेडला आलो असतो तर काय केलं असतं मी? सगळे टाळ्या वाजवत असते आणि मी तिथे बसून पोरगी कुठे मोडेल तेच शोधलं असतं."

"सापडलं असतं?"

"नाही." त्यांनी तिचा हात हातात घेतला, घट्टे वर करून. "परवा फकिराच्या फळीवर बघितला ना, तेव्हाच कळलं. मी यायला हवं होतं, साक्षी. इन्स्पेक्टर गैरहजर होता. चूक इन्स्पेक्टरची. मालात काही..." ते अडकले. "माल काय म्हणतोय मी तुला! बघ, एवढं बोलायला माझ्याकडे धड भाषासुद्धा नाही."

"कळलं मला, बाबा," साक्षी म्हणाली. तिचा आवाज आता हसण्याचा नव्हता.

दारात कुसुमताई उभ्या होत्या, पदर डोळ्यांना. "बोललात एकदाचे!" त्या म्हणाल्या. "दीड वर्ष दोन मुक्यांना जेवायला वाढतेय मी. आणि आता उठा त्या कपड्यांवरून, तिला उद्या ते घालायचेत!"

सकाळी नाशिकरोडच्या फलाटावर चौघं उभी होती. भिकनरावांनी साक्षीला पाणी किती प्यायचं, बूट घालण्याआधी कसे झटकायचे, हे सगळं तिसऱ्यांदा सांगितलं. गाडी आली. गायधनींनी डब्याची पायरी पायाने दाबून बघितली, दाराची कडी ओढून बघितली, आणि काहीही शेरा न मारता ट्रंक वर चढवली.

"फकिराला इगतपुरीला फोन लावला होता," ते खिडकीशी उभे राहून म्हणाले. "मांडवात वाजंत्री चालू होती, पण त्याने ऐकलं. माप आहे म्हणाला त्याच्याकडे. पुढच्या महिन्यात दुसरा होईल. तुमच्या तिकडे तुझ्या सुट्टीच्या दिवशी भेटू देतात ना घरच्यांना?"

"देतात की. पण तुम्ही येणार? एवढ्या लांब? वाळवंटात?"

"तिकीट काढलंय," गायधनी म्हणाले.

कुसुमताईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की जणू वरमाला घालताना बघायचं राहून गेलं होतं. गाडी हलली. गायधनी खिडकीच्या गजाला धरून चालायला लागले.

"तोवर युनिटमध्ये कुणी विचारलं, तुझा चाकू कुठाय, तर सांग, मागून येतोय. बापाबरोबर."

"सांगते!" साक्षीने गजातून हात बाहेर काढून त्यांच्या हातावर ठेवला. "आणि बाबा, चाचण्या?"

गायधनींचे पाय जरा अडखळले. गाडीने वेग घेतला तसा त्यांनी गज सोडला आणि फलाटावर उभं राहून, आजूबाजूचे हमाल वळून बघतील एवढ्या मोठ्याने ओरडले,

"त्या आता तू कर! मी नुसता बघायला येतोय!"